मनाचा कागद

कारखान्यात त्यांना सगळे कानसेन म्हणत. गाण्याशी त्यांचा संबंध अंघोळीपुरतासुद्धा नव्हता. पण कुठलंही बंद खोकं समोर आलं की ते उचलायचं, उजव्या कानाशी न्यायचं, डोळे मिटायचे आणि दोनदा हलवायचं, ही त्यांची चोवीस वर्षांची सवय. आतून काही वाजलं नाही तर खोकं पास. नुसतं खुट्ट झालं तरी चिकटपट्टी फाडून सगळं पुन्हा भरायचं. मग ते खोकं कारखान्यातल्या बशांचं असो, की शेजाऱ्यांच्या नव्या मिक्सरचं. एकदा तर दवाखान्यात मिळालेली गोळ्यांची बाटली त्यांनी कानाशी नेली आणि "फार मोकळं भरलंय हो," असं सांगून कंपाउंडरकडे परत सरकवली. मागे रांगेत वीस माणसं खोकत उभी होती, पण कानसेनांना त्याचं काय!

कारखाना चिनीमातीच्या भांड्यांचा. दोन भट्ट्या, एक रंगकामाची लांब खोली, आणि सगळ्यात शेवटी पॅकिंगचा हॉल. तिथे चाळीस माणसं चाळीस टेबलांशी उभी राहून बशा, वाडगे आणि कप गुंडाळत, आणि ती खोकी कंटेनरमधून बंदरावर, तिथून जहाजानं परदेशी जात. या हॉलचे प्रमुख कानसेन. चोवीस वर्षांत त्यांच्या हॉलमधून गेलेल्या मालाबद्दल फुटल्याची एकही तक्रार आली नव्हती. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. फक्त कुणी सांगत असलं तर जवळ जाऊन उभे राहत.

हे वेड त्यांना लागलं कसं, त्यालाही कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी भरलेलं एक खोकं समुद्रापलीकडून परत आलं होतं. तेव्हाच्या म्हाताऱ्या प्रमुखांनी ते एक अक्षर न बोलता टेबलावर ओतलं. आत बारा कपांचे तुकडे होते. म्हातारा म्हणाला, "जोड." पोरानं दोन दिवस बसून तुकड्याला तुकडा लावला. नऊ कप उभे राहिले, तीन राहिलेच नाहीत. त्या तीन कपांनी पुढची चोवीस वर्षं कानसेनांच्या मानगुटीवर ठाण मांडलं. म्हातारा निवृत्त झाला, पण जाताना शिष्याला आपल्यापेक्षा सवाई करून गेला. म्हातारा एका बशीला फुगेवाल्या प्लास्टिकचे दोन वेढे द्यायचा. कानसेन तीन द्यायला लागले, वर थर्माकोलचा चुरा, बाजूनं स्पंजच्या पट्ट्या, आणि हे सगळं दुहेरी पुठ्ठ्याच्या खोक्यात.

आणि त्यावर मनाचा कागद.

हा कागद कुठल्याच यादीत नव्हता. खोकं भरून झालं, सगळं नियमानं बसलं, की बंद करण्याआधी एक कागद चुरगाळून शेवटच्या बशीच्या आणि पुठ्ठ्याच्या मधे सरकवायचा. गरज म्हणून नाही, मनाच्या समाधानासाठी. ही रीत कानसेनांनीच पाडली होती आणि चाळीसच्या चाळीस माणसांच्या हातात ती इतकी मुरली होती, की घरी पोराच्या दप्तरात डबा ठेवल्यावरही त्यांचे हात आपोआप कागद शोधत. नवीन माणूस आला की जुनी माणसं त्याला पहिली गोष्ट शिकवत ती हीच. "तो घातल्याशिवाय झोप लागत नाही बघ," असं सांगत.

घरी त्यांच्या बायकोनं मात्र या कलेपुढे हात टेकले होते. ती शाळेचे गणवेश शिवायची. समोरच्या खोलीत दोन मशिनं, कापडाचे तागे आणि भिंतीवर चुण्यांच्या स्कर्टांची रांग. तीन वर्षांपूर्वी त्यांनी घर बदललं, दोन गल्ल्या सोडून पलीकडे. सामान कानसेनांनी बांधलं. नव्या घरात पोचल्यावर चहाची गाळणी सापडायला सहा दिवस लागले, आणि सापडली तेव्हा ती स्पंजमध्ये होती. "गाळणी फुटते का हो?" असं बायकोनं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "वाकते." यावर माणसानं काय बोलावं!

तर असा हा सुखाचा संसार चालला असताना एका सकाळी मालकीणबाईंनी कानसेनांना केबिनमध्ये बोलावलं. मालकीणबाई म्हणजे कारखाना सुरू करणाऱ्यांची मुलगी. कानसेनांना त्या काका म्हणत, कारण लहानपणी याच हॉलमध्ये रिकाम्या खोक्यांत बसून त्या वाढल्या होत्या. त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"काका, आपलं मोठं गिऱ्हाईक जायच्या बेतात आहे."

मोठं गिऱ्हाईक म्हणजे परदेशातली एक दुकानांची साखळी. कारखान्याचा निम्म्याहून जास्त माल तीच घेई. ती गेली तर एक भट्टी विझणार आणि पॅकिंगच्या चाळीस टेबलांतली वीस तरी रिकामी होणार, हे कानसेनांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"काही फुटलं का?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"नाही हो. तेच तर." मालकीणबाईंनी एक कागद पुढे केला. "दुसऱ्या देशातला एक कारखाना तेवढाच माल तीन कंटेनरमध्ये पाठवतो. आपण चार लावतो. यांच्या दुकानांनी आता ठरवलंय, प्रत्येक बशी घरापर्यंत पोचायला किती धूर झाला तो आकडा बशीखाली छापायचा. जहाजाचा धूर, ट्रकचा धूर, प्लास्टिक बनवतानाचा धूर, सगळा. आपला आकडा त्यांच्या दीडपट येतोय."

"पण आपल्या बशा त्यांच्यापेक्षा चांगल्या आहेत."

"आहेतच. पण काका, आपल्या खोक्यात अर्धी हवा आणि अर्धा स्पंज असतो. जहाज बिचारं आपली हवा वाहून न्यायला तेल जाळतंय. आता म्हणतात, प्लास्टिक अजिबात नको, थर्माकोल नको, आणि चार कंटेनरचा माल तीनात बसवून दाखवा. एक कंटेनर नमुन्याचा पाठवायचा. जमलं तर तीन वर्षांचं काम आपलं. नाही तर त्यांचं."

इथपर्यंत कानसेनांनी कसंबसं ऐकून घेतलं. पण कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ होती, आणि मालकीणबाईंनी ती वाचून दाखवली तेव्हा त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. हजार बशांमागे चार फुटल्या तर चालतील, असं त्यात लिहिलं होतं. गिऱ्हाइकानं हिशोब मांडला होता की चार जादा बशा पाठवायला जेवढा धूर होतो, त्याच्या कितीतरी पट धूर हजारांना स्पंज गुंडाळण्यात होतो.

"चालतील?" कानसेन उठून उभे राहिले. "फुटलेल्या चालतील? आणि हे लेखी देतात?"

"काका, बसा."

"नाही बसत. फुटायला परवानगी! उद्या म्हणतील, पॅकिंगवाले पण हजारी चार फुटलेले चालतील."

ते तडक हॉलमध्ये आले आणि दिवसभर खोकी कानाशी नेत राहिले. त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याच कारखान्यात कंटेनर भरायच्या टोळीचा मुकादम होता. दाजींची चेष्टा करणं हे तो पगारी काम समजून करत असे. संध्याकाळी तो बहिणीकडे चहाला आला आणि सगळं रामायण त्यानं मीठमसाला लावून सांगितलं. शेवटी म्हणाला, "ताई, दाजींना म्हणावं, हजारी चारच कशाला, घरच्या कपापासून सरावाला सुरुवात करा."

बायको हसली नाही. तिनं मशीन थांबवलं, सुई वर घेतली आणि नवऱ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"मला एक सांगा. त्या वीस जणांची टेबलं गेली तर तुम्ही त्यांना काय सांगणार? की तुमची नोकरी गेली खरी, पण बशी एकही फुटली नाही?"

कानसेन कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"तुम्ही बशीला जपता की स्वतःच्या नावाला, ते एकदा ठरवा," ती म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. मेहुण्यानं चहाचा कप हळूच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून कानसेनांनी कंबर कसली. हॉलच्या कोपऱ्यात एक टेबल लावलं, तपकिरी कागदाची भेंडोळी मागवली आणि नवं खोकं कसं भरायचं याचे प्रयोग सुरू केले. प्रत्येक प्रयोगाची परीक्षा एकच: भरलेलं खोकं कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर सहा बाजूंनी सहा वेळा टाकायचं. ही परीक्षा मेहुणा घ्यायचा, कारण कानसेनांच्यानं ते बघवत नसे. ते खिडकीपाशी जाऊन, दोन्ही कानांवर हात ठेवून, भिंतीकडे तोंड करून उभे राहत. ज्या माणसाचा सगळा जन्म कानावर गेला, तो कान झाकून उभा आहे हे बघायला रंगकामाच्या खोलीतल्या बायका मुद्दाम येत. पहिल्या दिवशी चोवीसमधल्या नऊ बशा फुटल्या. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी कानसेन जेवले नाहीत.

आठव्या दिवशी रविवार होता. ते घरात नुसते बसून होते आणि समोर बायको शाळेचे स्कर्ट शिवत होती. सपाट कापड तिच्या बोटांखाली सरकत होतं आणि एकामागोमाग एक चुण्या पडत होत्या. एवढंसं कापड, पण त्यात काय काय मावत होतं! कानसेन उठले, चुण्यांचा एक स्कर्ट त्यांनी उलटा धरला आणि स्वयंपाकघरातली एक बशी आणून एका चुणीत उभी खोचली. मग शेजारच्या चुणीत दुसरी. मग तिसरी. दोन बशांच्या मधे कापडाचे दोन पदर आपोआप येत होते आणि जागा मात्र बोटाएवढीही जात नव्हती.

"अहो, तो उद्या द्यायचाय!" बायको ओरडली.

"दोन मिनिटं थांब गं."

"दोन मिनिटांनी त्याचं बशीपुसणं होईल!"

पण कानसेन कधीच कागद शोधायला धावले होते. एकच लांबलचक कागद, त्याला चुण्या पाडायच्या, प्रत्येक चुणीत एक बशी उभी करायची. बशी आडवी असली की वरच्या सगळ्या बशांचं ओझं तिच्या पोटावर येतं. उभी असली की कड ते सहज पेलते. दुसऱ्या दिवशी मेहुण्यानं खोकं सहा वेळा टाकलं आणि एकच बशी फुटली. त्यानंतर कागद जरा जाड घेतला, तेव्हा एकही नाही. प्लास्टिकचा तुकडा नाही, थर्माकोलचा कण नाही, आणि खोकं आधीच्या तीन चतुर्थांश झालेलं. मालकीणबाईंनी हॉलमध्ये येऊन काकांचे दोन्ही हात धरले. कानसेन लाजले, आणि सगळ्यांदेखत खरं ते सांगून मोकळे झाले की ही अक्कल बायकोच्या मशीनवरून आणली आहे.

आता राहिला नमुन्याचा कंटेनर. गिऱ्हाइकाकडून एक बाई तो भरताना बघायला येणार होत्या. कानसेनांनी मापं काढली. कंटेनरची लांबी बारा मीटर आणि वर तीन सेंटीमीटर. खोकं बरोबर चाळीस सेंटीमीटर लांब. तीस रांगा, एका रांगेत चाळीस खोकी, एकूण बाराशे. सगळं मोजूनमापून, बोटभर जागा उरवून. भरायच्या आदल्या दिवशी त्यांनी चाळीस जणांना समोर उभं करून बजावलं.

"ऐका. चुण्यांचा कागद सोडून आत काहीही जाणार नाही. स्पंज नाही, चिंधी नाही. आणि मनाचा कागदही नाही. कळलं?"

"कळलं," चाळीस जण म्हणाले. सगळ्यांचे चेहरे एखादं पोर शाळेत एकटं सोडून आल्यासारखे झाले होते.

भरण्याच्या दिवशी पाहुण्या बाई सकाळीच आल्या. उंच, किरकोळ, पायात जाड बूट आणि गळ्यात शिट्टीसारखी टांगलेली मोजपट्टी. आपली भाषा त्यांना येत नव्हती, मालकीणबाई मधे उभं राहून सांगत होत्या. बाई कमी बोलत आणि जास्त मोजत. कचऱ्याच्या पिंपात डोकावून प्लास्टिक शोधलं, ट्रकच्या टाकीत किती तेल आहे ते लिहून घेतलं. मेहुण्याची टोळी खोकी चढवायला लागली. पाच रांगा झाल्या, दहा झाल्या. कानसेन दाराशी उभे राहून बोटांवर रांगा मोजत होते. वीस झाल्या. साडेअकराला एकोणतिसावी रांग लागली आणि मेहुणा आतून म्हणाला, "दाजी, जरा इकडे या."

आवाजात चेष्टा नव्हती, म्हणून कानसेन घाबरले. आत गेले. एकोणतीस रांगांपुढे दारापर्यंत चाळीसहून जास्त सेंटीमीटर जागा हवी होती. होती ती चौदा. तिसावी रांग, चाळीसच्या चाळीस खोकी, बाहेर धक्क्यावर तशीच पडून होती.

"मापात चूक आहे का?" मालकीणबाईंनी विचारलं.

पाहुण्या बाईंनी मोजपट्टी काढली, बाहेरचं एक खोकं मोजलं आणि आकडा सांगितला. चाळीस सेंटीमीटर आणि वर एक. दुसरं मोजलं. तेही तेवढंच. खोक्याची एक बाजू पोटासारखी थोडी पुढे आली होती.

कानसेनांनी खिशातला चाकू काढून खोक्याची चिकटपट्टी फाडली. शेवटच्या बशीच्या आणि पुठ्ठ्याच्या मधे एक चुरगाळलेला कागद बसला होता. त्यांनी दुसरं खोकं फोडलं, त्यातही होता. तिसऱ्यातही.

"कोणी घातला?" ते हॉलकडे तोंड करून ओरडले. त्यांचा आवाज चढलेला आजवर कुणी ऐकला नव्हता. "काल सांगितलं होतं ना? सांगितलं होतं की नाही?"

चाळीस जण खाली बघत उभे राहिले. मग पहिल्या टेबलावरची, सगळ्यांत जुनी बाई हळूच म्हणाली, "मला वाटलं, एका माझ्याच खोक्यांनी काय होतंय."

"मलाही तेच वाटलं," दुसरा म्हणाला.

"हात आपोआप गेला," तिसरा म्हणाला. एकेक करून सगळ्यांनी कबुली दिली. प्रत्येकाला वाटलं होतं, आपण एकटेच. बाकीचे एकोणचाळीस नियमानं वागतायत, तर आपला एक कागद खपून जाईल. बाराशे खोकी, बाराशे कागद, प्रत्येकाचा एक सेंटीमीटर.

"खांदा लावू का, दाजी?" मेहुण्यानं विचारलं. "दहा जण मिळून ढकलतो."

"खबरदार!"

तेवढ्यात मेहुण्याला काय सुचलं कुणास ठाऊक. प्रत्येक खोक्यावर भरणाऱ्याचा आकडा लिहिलेला असे. धक्क्यावरच्या ढिगातून त्यानं एक खोकं ओढून काढलं. त्यावर शून्य आकडा होता. शून्य म्हणजे प्रमुख. नमुना म्हणून काही खोकी कानसेनांनी स्वतः भरली होती. मेहुण्यानं ते उघडलं, आत हात घातला आणि एक चुरगाळलेला कागद बाहेर काढला. मग पुन्हा हात घातला आणि आणखी एक काढला.

दोन!

मग ती पहिल्या टेबलावरची जुनी बाई खुदकन हसली, आणि एकदा ती हसल्यावर चाळीसही जणांना आवरेना. कुणी टेबलाला धरून, कुणी पोटाला. मेहुणा तर खोक्यावरच बसला. पाहुण्या बाईंनी मालकीणबाईंना काय झालं म्हणून विचारलं, आणि मालकीणबाई डोळे पुसत पुसत सांगायला लागल्या.

कानसेन तेवढे हसले नाहीत. ते कानापर्यंत लाल झाले होते. ते दोन कागद त्यांनी मेहुण्याच्या हातून घेतले आणि पाहुण्या बाईंच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

"बाईंना सांगा," ते मालकीणबाईंना म्हणाले, "यांची चूक नाही. ही खोड मी लावली. मलाच भीती वाटते. यांना वाटत नव्हती, मी शिकवली. ट्रक किती वाजता निघायचा?"

"पाचला."

"मग पाचला निघेल. सगळं उतरवा."

एकोणतीस रांगा उतरल्या. चाळीस टेबलांवर बाराशे खोकी पुन्हा चढली. चिकटपट्टी फाडायची, कागद काढायचा, खोकं पुन्हा बंद करायचं. कुणी जेवायला गेलं नाही. रंगकामाच्या खोलीतल्या बायकाही आल्या, मालकीणबाईंनी बाह्या सरसावल्या, आणि तासाभरानं पाहुण्या बाईंनीही बूट काढून एक टेबल धरलं. काढलेल्या कागदांचा ढीग मेहुण्याच्या कमरेला लागला. कानसेन त्यांच्या शून्य आकड्याच्या खोक्यांपाशी बसले होते. पहिल्यातून कागद काढला, पट्टी लावली आणि ते खोकं सवयीनं कानाशी गेलं. आतून खुट्ट असा अगदी बारीक आवाज आला. चोवीस वर्षांत असा आवाज करणारं एकही खोकं त्यांनी जाऊ दिलं नव्हतं. त्यांच्या मनात आलं, नुसता एक चतकोर कागद, नखाएवढा. समोर पहिल्या टेबलावरची बाई त्यांच्याकडेच बघत होती. काम गेलं तर रिकाम्या होणाऱ्या वीस टेबलांतलं एक तिचं असणार होतं.

त्यांनी खोकं तसंच मेहुण्याच्या हातात दिलं. "ने," ते म्हणाले. मेहुण्यानं ते नेलं, आणि या वेळी तोंड मिटून नेलं.

तिसावी रांग पावणेपाचला बसली. दार लागलं, मधे दोन बोटं जागा उरली. ट्रक गेला आणि कानसेन रिकाम्या धक्क्यावर फतकल मारून बसले.

जहाजाला सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत त्यांचं वजन चार किलोंनी उतरलं आणि बायकोला त्यांची पँट दोनदा आत घ्यावी लागली. जीव असा टांगणीला लागलेला, की घरात भांडं पडलं तरी ते विचारत, "किती गेल्या?"

मग एका दुपारी मालकीणबाई हातात फोन घेऊन धावतच हॉलमध्ये आल्या. सगळ्यांनी कामं थांबवली.

"अठ्ठावीस हजार आठशे बशा," त्या धापा टाकत म्हणाल्या. "त्यातल्या फुटल्या सदतीस. हजारी दीडसुद्धा नाही! तीन वर्षांचं काम आपल्याला दिलंय. दोन्ही भट्ट्या चालणार!"

जो कल्ला झाला तो काय सांगावा. कुणी कागद उडवले, कुणी एकमेकांच्या गळ्यात पडलं. कानसेनांच्या डोळ्यांतून पाणी आलं. खूप बरं वाटलं त्यांना. आणि त्यातच आत कुठेतरी सदतीस बशा टोचत होत्या, तेही खरं.

"आणखी एक आहे," मालकीणबाई म्हणाल्या, आणि मग फोनकडे बघून गप्प झाल्या. "म्हणजे, ते नंतर बघू."

"वाचा की," मेहुणा म्हणाला.

"तिकडच्या गोदामात जो माणूस आपली खोकी उघडतो, त्यानं लिहिलंय." त्यांनी काकांकडे एकदा पाहिलं. "काका, वाचू?"

इतक्या वर्षांत पलीकडे ती खोकी कोण उघडत असेल, हा विचार कानसेनांना एकदाही शिवला नव्हता. "वाचा," ते म्हणाले.

मालकीणबाई एकेक वाक्य आपल्या भाषेत सांगत गेल्या. "मी इथे एकोणीस वर्षं खोकी उघडतो. तुमच्या कारखान्याचा कंटेनर आला की माझी बायको मला दारातच कपडे झटकायला लावायची, कारण तो पांढरा चुरा केसांत, कानांत, मोज्यांत जायचा. एक बशी काढायला मला तीन वेढे सोडवावे लागायचे. त्या कचऱ्याचे डोंगर मी एकट्यानं ओढलेत, माझी पाठ त्यात गेली. भरणारा कोण आहे ते मला माहीत नव्हतं, पण मी त्याला रोज शिव्या घातल्या. या वेळी कंटेनर अर्ध्या दिवसात उघडून झाला आणि मी उजेडात घरी गेलो. फुटलेल्या सदतीस मी मोजल्या, त्याचं काही वाटून घेऊ नका. तुमचा तो जुना माणूस गेला वाटतं. नव्या माणसाला माझा नमस्कार सांगा."

मेहुण्यानं तोंडावर रुमाल धरला होता आणि त्याचे खांदे हलत होते, पण आवाज बाहेर पडू द्यायची त्याची छाती झाली नाही. मालकीणबाई जमिनीकडे बघत होत्या.

कानसेनांनी फोन मागून घेतला. अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, तरी ते खालपर्यंत बघत राहिले. एकोणीस वर्षं. एक माणूस, एक पाठ. आणि त्यांनी जपल्या होत्या त्या बशा.

"उत्तर पाठवायचंय का?" त्यांनी विचारलं.

"पाठवू या की. काय लिहू, काका?"

कानसेनांनी नाक पुसलं आणि फोन परत दिला.

"लिहा," ते म्हणाले, "जुना गेला. जाताना तुमची माफी मागून गेला. नवीन आहे तो अजून शिकतोय, काही चुकलं तर असंच लिहीत जा."

आणि ते आपल्या टेबलाकडे वळले.